ट्रॅकवर उतरण्यापूर्वी : हलक्या गाडीच्या तयारीविषयी वाचकांचे प्रश्न

हलकी स्पोर्ट्स कार घेऊन हौशी चालकांच्या ट्रॅक डेला जाणाऱ्या, किंवा जाण्याच्या विचारात असलेल्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी आधी एवढेच सांगतो की ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे क्रमांक लागत नाहीत आणि बक्षीसही नसते. इतर वाहतूक नसलेल्या ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांमध्ये स्वतःची गाडी मनसोक्त चालवायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी परतायचे, असा हा दिवस असतो. त्याच गाडीने घरी परतायचे आहे, हे खालची उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावे, कारण माझ्या बहुतेक सल्ल्यांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : मी पहिल्या पिढीतील माझदा एमएक्स-5 घेतली आहे. इंजिन 1.6 लिटरचे असून मूळ स्थितीत आहे. तीन महिन्यांनी पहिल्यांदाच ट्रॅकवर जाणार आहे. मित्र म्हणतात की टर्बो बसव, निदान एक्झॉस्ट तरी बदल, नाहीतर सगळे तुला मागे टाकतील. हाताशी असलेले पैसे आधी कशावर खर्च करावेत?

उत्तर : इंजिनाला हात लावू नका. ही गाडी 1989 साली आली आणि तिचे नाव झाले ते ताकदीमुळे नव्हे, तर हजार किलोच्या आतले वजन, ते पुढे-मागे जवळपास सारखे वाटले जाणे, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि चारही चाकांचे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आडव्या आधारांनी धरणारे, सस्पेन्शन यांमुळे. सरळ पट्ट्यावर आपल्याला पुष्कळ जण मागे टाकतील आणि त्याने काहीही बिघडत नाही. आरशात मोठी गाडी दिसली की आयोजकांनी ठरवून दिलेल्या बाजूने तिला खूण करावी आणि जाऊ द्यावे. ताकद वाढवली की मात्र आपण प्रत्येक वळणाच्या तोंडाशी अधिक वेगाने पोहोचता, आणि तो वेग उतरवण्याचे काम त्याच जुन्या ब्रेकवर येऊन पडते.

हे काम किती मोठे असते याचा एकदा हिशेब मांडून पाहावा. चालकासह हजार किलो वजनाची गाडी ताशी 160 किलोमीटरवरून 60 वर आणायची, तर सुमारे 850 किलोज्यूल ऊर्जा तीन-चार सेकंदांत उष्णतेत बदलावी लागते. साध्या भाषेत सांगायचे तर खोलीच्या तापमानाचे अडीच लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी ही उष्णता, आणि ती मुख्यतः चाकांबरोबर फिरणाऱ्या चार डिस्क आणि त्यांना आवळणारे आठ पॅड यांच्यात शिरते. गाडी दीड हजार किलोची असती तर तेच पाणी पावणेचार लिटरच्या पुढे गेले असते. हलक्या गाडीचा खरा लाभ इथे आहे. तिचे ब्रेक, टायर आणि बेअरिंग यांना प्रत्येक वळणावर कमी सोसावे लागते आणि म्हणून ती दिवसभर टिकते. तरीसुद्धा एका फेरीत असे चार-पाच वेळा घडते आणि एका सत्रात आठ-दहा फेऱ्या होतात, तेव्हा रस्त्यावर वर्षानुवर्षे तक्रार न करणारे ब्रेकही इथे थकतात.

म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करावा, दुसरा ट्रॅकची उष्णता सोसणाऱ्या पॅडवर आणि तिसरा चांगल्या टायरवर. आपली गाडी तीस वर्षांच्या आसपासची आहे, त्यामुळे याच्याही आधी एक बिनखर्चाचे काम आहे. गाडी जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड लावा आणि एकेक चाक वर-खाली, मग डावे-उजवे धरून हलवून पाहा. खडखड लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला आहे. सस्पेन्शनच्या बुशांचे रबर तडकले आहे का, रेडिएटरचे पाइप दाबल्यावर कडक लागतात की फुगीर आणि मऊ लागतात, ब्रेकच्या रबरी नळ्यांना भेगा आहेत का, हे बोट फिरवून तपासा. एवढ्या वयाच्या गाडीत याच गोष्टी ट्रॅकवर आधी मान टाकतात, आणि त्या बदलून घेतल्यावर टर्बोसाठी पैसे उरणारही नाहीत.

प्रश्न : नवे कोरे ब्रेक पॅड टाकून ट्रॅकवर गेलो होतो. पाचव्या फेरीत पेडल एकदम तळाला गेले. दोन-तीनदा पंप केल्यावर कसाबसा ब्रेक लागला आणि मी हळूहळू बाहेर आलो. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे झाले. मेकॅनिकला कुठेही गळती सापडली नाही. मग दोष कशाचा?

उत्तर : आपले ब्रेक ऑइल उकळले. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतो. पण ते उकळून वाफेचे बुडबुडे झाले की पाय ती वाफच दाबत बसतो आणि पेडल खाली जाते. गाडी निवल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो, त्यामुळे गॅरेजमध्ये सगळे ठीकठाक दिसते. यात आपल्या मेकॅनिकची काही चूक नाही.

नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या जातीचे असते आणि ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट 4 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू कमीत कमी 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 5.1 साठी हे आकडे 260 आणि 180 आहेत. शर्यतीसाठी बनवलेली काही ऑइले ताजी असताना 300 अंशांच्या पुढेही तग धरतात, मात्र ती वरचेवर बदलावी लागतात. ट्रॅकवर जाण्याच्या आधीच्या आठवड्यात सीलबंद बाटली फोडून पूर्ण ऑइल बदलावे आणि उरलेली अर्धी बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. नावातल्या साम्यामुळे पुष्कळांची फसगत होते म्हणून सांगतो की डॉट 5 हे सिलिकॉनचे वेगळेच ऑइल आहे. ते 5.1 चा भाऊ नव्हे आणि ग्लायकॉलमध्ये मिसळायचेही नसते.

पॅड तापून निकामी होणे हा वेगळा प्रकार आहे आणि पायाला तो वेगळा कळतो. तेव्हा पेडल दगडासारखे घट्ट राहते, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली गेले तर ऑइल, पेडल घट्ट असून गाडी पुढे जात राहिली तर पॅड, एवढी खूणगाठ बांधली तरी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकला लागून गाड्या थांबवण्याच्या जागी, आल्यावर कुठे पाहायचे ते कळते. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा ब्रेक लावत आणि मधे थोडे निवू देत ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. थेट ट्रॅकवर नेलेले कोरे पॅड पहिल्याच सत्रात चकाकतात आणि त्यांची पकड जाते.

आपल्यावर आली तीच वेळ माझ्यावरही आली होती. दुसऱ्याच ट्रॅक डेला, सगळ्यात लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी माझे पेडल तळाला गेले आणि गाडी वाळूत जाऊन थांबली. गाडीला ओरखडाही आला नाही. पण ज्या गॅरेजने ब्रेक ऑइल बदलल्याचे बिलात लिहिले होते, तिथे ते बदललेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कॅलिपरचा ऑइल सोडायचा निपल सैल करून पारदर्शक नळी लावली, तेव्हा कोऱ्या चहासारखे काळपट ऑइल बाहेर आले, त्यात बारीक बुडबुडे होते, आणि बराच वेळ पेडल दाबून झाल्यावर मग कुठे नव्या ऑइलचा फिकट मधासारखा रंग नळीत दिसू लागला. तेव्हापासून हे काम मी दुसऱ्यावर सोपवत नाही. आपणही ते शिकून घ्यावे. दोन माणसे, एक पाना, हातभर नळी आणि दोन तासांची सवड एवढेच लागते.

प्रश्न : गाडीचे वजन आणखी कमी करायचे आहे. आतले काय काय काढून टाकता येईल? दारांच्या आतले लोखंडी दांडे आणि एअरबॅग काढल्या तर चालतील का?

उत्तर : दोन्ही नकोत. दारातला दांडा बाजूने धडक बसते त्या वेळी आपल्या बरगड्यांच्या आड असतो, आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची एअरबॅग काढून वाचणारे एक-दोन किलो फुकटात मिळाले असे समजू नये.

हलकेपणा वस्तू उपसून काढण्यातून येतो तसा तो मुळातल्या आखणीतूनही येतो. 1957 सालची लोटस सेव्हन घ्या किंवा 1996 पासून विकली गेलेली लोटस एलिस घ्या. एलिसची चौकट ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून केलेली होती, तिचे वजन सत्तर किलोच्या आत होते आणि सबंध गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास भरत असे. त्यामुळे 118 अश्वशक्तीचे साधे इंजिन तिला पुरून उरले. अशी गाडी आपल्याकडे असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : तिच्या चौकटीला वेल्डिंग करायचे नसते आणि मनाला येईल तिथे भोकेही पाडायची नसतात, कारण उष्णता लागली की चिकटवलेला सांधा आणि ॲल्युमिनियमचा कणखरपणा दोन्ही जातात.

आपल्या गाडीतून त्या दिवसापुरते काढता येण्याजोगे पुष्कळ असते. स्टेपनी, जॅक, पाने, पायपुसणी, डिकीतले सामान हे सगळे पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, उतरवून ठेवावे. यात वजनापेक्षा सुरक्षेचा भाग मोठा आहे, कारण सीटखाली राहिलेली पाण्याची बाटली वळणावर घरंगळत ब्रेक पेडलखाली गेली तर काय होईल ते सांगायला नको. कायमचे वजन कमी करायचे असेल तर जे उंचावर आहे आणि जे गाडीच्या टोकांना आहे ते आधी उतरवा. शिशाची जड बॅटरी बदलून लिथियमची बसवली की बरेच किलो जातात, मात्र ती गाडीच्या चार्जिंगला चालणारी आहे ना ते पाहून घ्या. चाकाचे वजन तर दुहेरी महत्त्वाचे असते. ते फिरवावेही लागते आणि खडबडीत जागी सस्पेन्शनला आवरावेही लागते, म्हणून हलकी पण मजबूत रिम हा सत्कारणी लागलेला खर्च आहे. स्वस्तातली अनोळखी हलकी रिम मात्र घेऊ नये, कारण तिला तडा जातो तो नेमका कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढताना.

हलक्या गाडीत चालक हाच सगळ्यात मोठा सुटा भाग असतो. साडेसातशे किलोच्या गाडीत 80 किलोचा माणूस बसला की दहा टक्क्यांहून अधिक वजन एका बाजूला येते. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून सस्पेन्शनची उंची जुळवून घेणार असाल, तर सीटवर स्वतः बसा किंवा तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवा. रिकाम्या गाडीवर केलेली जुळवाजुळव आपण आत बसताक्षणी बिघडलेली असते.

प्रश्न : ट्रॅक डेच्या एका दिवसात पुढच्या टायरची बाहेरची कड पार खाल्ली गेली, आतला भाग मात्र नवा दिसतो. हवा कंपनीने सांगितलेलीच होती. टायर हलक्या प्रतीचा निघाला का? सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे कमी नक्षीचे टायर, घ्यावेत का?

उत्तर : टायरला दोष देऊ नका. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तिच्याबरोबर चाकाचा माथाही बाहेर झुकतो आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो. रस्त्यासाठीच्या अलाइनमेंटमध्ये चाक जवळपास सरळ उभे असते, त्यामुळे हे होणारच. चाकाचा माथा आधीपासून थोडा आत झुकवून ठेवला, म्हणजे ज्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात तो वाढवला, की वळणात टायर पुरता टेकतो. ट्रॅकवर वरचेवर जाणाऱ्या हलक्या गाडीला पुढे दोन ते तीन अंशांपर्यंत कॅम्बर देतात. एमएक्स-5 मध्ये तो चारही चाकांना मूळच्याच बोल्टने फिरवता येतो, इतर गाड्यांत वेगळे सुटे भाग लागू शकतात. रस्त्यावर जास्त चालणाऱ्या गाडीला दीड-दोन अंशांवर थांबावे. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडे आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलतोच, म्हणून तो त्याच बैठकीत पुन्हा मोजून घ्यावा.

हवेचे गणित मात्र प्रत्येकाने समजून घ्यायला हवे. सकाळी 20 अंशांना थंड टायरमध्ये 28 पीएसआय हवा भरली आणि आतली हवा तापून 70 अंशांवर गेली, तर दाब 35 पीएसआयच्या आसपास जातो. टायर मधोमध फुगतो, जमिनीला टेकणारा भाग आकसतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून गाडी साबणावर चालल्यासारखी वाटू लागते. म्हणून ट्रॅकवर थंड टायरचा दाब नव्हे, तर गरम टायरचा दाब ठरवायचा असतो. सत्र संपवून आलात की लगेच, टायर गरम असतानाच, गेज लावा आणि चारही चाके ठरवलेल्या आकड्यावर आणा. गरम असताना 30 पीएसआय हवे असतील तर सकाळी 23-24 पासून सुरुवात होते. नेमका आकडा गाडीगणिक आणि टायरगणिक वेगळा असतो, आणि तो शोधायला खडू पुरतो. टायरच्या पृष्ठभागावरून बाजूच्या भिंतीवर उतरणारी खडूची जाड रेघ तीन ठिकाणी ओढा आणि चार फेऱ्या मारून या. रेघ टायरच्या कडेपर्यंत पुसली गेली असेल तर ठीक. भिंतीवर उतरून बोटभर पुसली गेली असेल तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर अपुरा आहे, आणि कडेच्या अलीकडेच रेघ शाबूत राहिली असेल तर हवा जास्त आहे. घरी निघण्यापूर्वी, टायर निवल्यावर, रस्त्यासाठी सांगितलेली हवा पुन्हा भरायला विसरू नये. दिवसभर कमी केलेला दाब तसाच ठेवून महामार्गावर जाणे धोक्याचे आहे.

सेमी-स्लिक पहिल्या वर्षी घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. साधा चांगला टायर सुटण्याआधी कुरकुरतो, सांगून मग घसरतो, आणि त्या आवाजावरच चालक घडतो. सेमी-स्लिकची पकड जास्त असते, पण ती सुटते तेव्हा वेगही जास्त असतो आणि सावरायला वेळ कमी मिळतो. टायर कोणताही असो, त्याच्या भिंतीवरचे चार अंक वाचून घ्यावेत. 2319 असे लिहिले असेल तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुने होऊन कडक झालेले रबर पकड देत नाही.

प्रश्न : उघड्या टपाच्या गाडीला चार पट्ट्यांचा हार्नेस बसवून घेतला आहे, मोटारसायकलचे उत्तम हेल्मेट आहे. रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोके वाचवणारी सीटमागची कमान, अजून बसवलेला नाही. पहिल्या ट्रॅक डेसाठी एवढे पुरेल ना?

उत्तर : पुरणार नाही, आणि आपण आहे त्या स्थितीत ट्रॅकवर उतरू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूळचा तीन टोकांचा सीटबेल्ट लावलेला माणूस गाडी उलटली तर निदान बाजूला वाकू शकतो. हार्नेस त्याला सीटला ताठ बांधून ठेवतो. वर रोल बार नसेल तर गाडीचा भार डोक्यावर आणि मानेवर येतो. म्हणून आधी रोल बार आणि मगच हार्नेस, हा क्रम बदलता येत नाही.

रोल बार बसवल्यावर तो पुरेसा उंच आहे का हे काठीने तपासतात. हेल्मेट घालून, पट्टे आवळून नेहमीसारखे बसा आणि दुसऱ्याला बारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीपर्यंत सरळ काठी धरायला सांगा. हेल्मेट आणि काठी यांच्यात सुमारे पाच सेंटिमीटर जागा राहायला हवी, असा नियम पुष्कळ आयोजक पाळतात. हेल्मेट काठीला टेकत असेल तर सीट खाली घ्यावी लागेल, आणि उंच माणसाला छोट्या गाडीत हेच सगळ्यात कठीण जाते. डोके आपटू शकेल अशा प्रत्येक नळीवर त्यासाठीच बनवलेले कडक पॅडिंग लावावे. साधा मऊ स्पंज डोक्याच्या आघातापुढे काहीच नसतो. डोक्याभोवती पूर्ण रोल केज, म्हणजे नळ्यांचा पिंजरा, असलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवणे हाही धोकाच आहे.

चार पट्ट्यांच्या हार्नेसची अडचण अशी की समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात आणि शरीर त्याखालून पुढे सरकते. मांड्यांमधून येणारे पट्टे, म्हणजे सहा टोकांचा हार्नेस, ते थांबवतात. त्यासाठी सीटही तशा फटी असलेली लागते. शिवाय हार्नेसने धड जागेवर राहते पण डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण कवटीच्या तळाशी येतो. हा ताण थांबवणारे हान्स नावाचे साधन बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी त्यांचे मेहुणे आणि शर्यतपटू जिम डाउनिंग यांच्या साथीने 1980 च्या दशकात घडवले. 2001 साली अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीत शर्यतपटू डेल अर्नहार्ट यांचा कवटीच्या तळाला झालेल्या इजेने मृत्यू झाला, त्यानंतर या साधनाकडे सगळ्यांचे लक्ष गेले आणि 2003 पासून ते फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे झाले. हार्नेस वापरणार असाल तर हेही हवेच.

हे सगळे एकदम परवडत नसेल तर मधला मार्ग आहे : चांगला रोल बार, मूळची सीट आणि मूळचा तीन टोकांचा बेल्ट. तो त्या सीटसाठीच आखलेला असतो आणि पहिली दोन-तीन वर्षे पुरतो. हेल्मेट मात्र गाडीसाठीचे घ्यावे. हेल्मेटचे दर्जे ठरवणाऱ्या स्नेल संस्थेच्या एसए दर्जात आगीची आणि रोल बारवर डोके आपटण्याची वेगळी चाचणी असते, मोटारसायकलसाठीच्या एम दर्जात ती नसते.

प्रश्न : लांब उजव्या वळणात ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागतो आणि वळण संपले की विझतो. ऑइल काठीवर दोन खुणांच्या मधोमध आहे. दुर्लक्ष करावे का?

उत्तर : अजिबात करू नये. पुन्हा दिवा लागला तर ते सत्र तिथेच थांबवावे. गाडी वळणात बाजूने एक जी, म्हणजे स्वतःच्या वजनाएवढा, जोर सोसते, आणि चांगल्या टायरवर हलकी गाडी तो सहज सोसते, तेव्हा इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग 45 अंशांनी तिरका होतो. ऑइल एका भिंतीवर चढते, ते शोषून घेणारी नळी उघडी पडते आणि पंप हवा ओढू लागतो. दिवा लागतो तो दाब जवळपास संपल्यावरच, म्हणजे तो क्षणभर दिसला याचा अर्थ बेअरिंग तेवढा वेळ कोरडी फिरली.

ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. एवढ्याने पुष्कळदा काम भागते. भागले नाही तर चेंबरमध्ये आडव्या पत्र्यांचे कप्पे बसवून घ्या, म्हणजे ऑइल नळीपासून पळत नाही. जोडीला दाबाचे खरे गेज बसवावे, कारण काटा खाली येताना दिसतो आणि दिवा फक्त उशिरा कळवतो. आधी मात्र आताचा ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उन्हात धरा. त्यात चांदीसारखी किंवा तांब्यासारखी चमक दिसली तर इंजिन उघडल्याशिवाय गाडी ट्रॅकवर नेऊ नका.

प्रश्न : मागे हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारा मोठा विंग लावल्याने गाडी स्थिर होईल का?

उत्तर : हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे मध्यम वेगाच्या वळणांत त्याचा उपयोग थोडा आणि सरळ पट्ट्यावर त्याचा अडसर मोठा. शिवाय फक्त मागे दाब वाढवला की वेगात पुढची चाके हलकी होतात आणि गाडी वळायला मागत नाही. सध्या नको.

प्रश्न : माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे. तिने स्वतः दुरुस्त केलेली दोन सीटची जुनी गाडी घेऊन ती पुढच्या महिन्यात ट्रॅकवर जाणार आहे. मला गाडीतले काही कळत नाही, पण मी तिच्यासोबत जाणार आहे. मी कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे?

उत्तर : आपण सोबत जात आहात हे फार चांगले आहे, कारण चालकाचे मन पुढच्या सत्रात गुंतलेले असते आणि साध्या गोष्टी राहून जातात. आपल्याला मोजक्याच गोष्टी पाहायच्या आहेत आणि त्यासाठी गाडीतले काही कळावे लागत नाही.

आदल्या संध्याकाळी तिच्या बरोबर चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळून घ्या, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंतच. रेंचचा टक असा आवाज प्रत्येक नटावर आपल्या कानांनी ऐका आणि आवळलेल्या नटापासून पुढे रिमवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा. प्रत्येक सत्रानंतर ती रेघ जागेवर आहे का ते पाहणे हे आपले काम. जागेवर नसेल तर चाक जरा निवू द्यायचे, नट पुन्हा त्याच आकड्यावर आवळायचा आणि मग नवी रेघ. बॅटरी हाताने हलते का पाहा, हलली तर पट्टी आवळायला सांगा. गाडी ओढायचा हुक जागेवर लावलेला असावा. सकाळच्या सूचनांच्या बैठकीला तिच्या शेजारी बसा आणि झेंड्यांचे अर्थ आपणही लिहून घ्या. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा आणि कोणाला मागे टाकू नका. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये या. बाकीचे झेंडे जागेगणिक थोडे वेगळे वापरतात, ते तिथे सांगतील. रस्त्याचा विमा ट्रॅकवर बहुधा चालत नाही, तेव्हा तिच्या पॉलिसीतली अट दोघींनी मिळून आधीच वाचून घ्यावी.

दिवसभरात तिला पाणी प्यायला लावा. दुपारनंतर तिचा चेहरा ओढलेला दिसला, किंवा सत्रातल्या चुका सांगताना ती अडखळू लागली, तर शेवटचे सत्र सोडायला सांगा. शेवटच्या सत्रात थकलेला चालक, तापलेले ब्रेक आणि झिजलेले टायर एकत्र येतात. हे सांगणे तिला आवडणार नाही, तरी सांगावे.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता सावकाश मारायची असते, म्हणजे डिस्कवरून वारा जाऊन त्या निवतात. गाडी पॅडॉकमध्ये आली की ती हँडब्रेक ओढत नाही ना याकडे लक्ष ठेवा, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरले की डिस्कच्या तेवढ्याच भागावर त्याचा थर बसतो आणि पुढे ब्रेक लावताना गाडी थरथरते. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावायचा. तो ठोकळा आपण हातात घेऊनच उभ्या राहा, आणि परतीला निघताना तो काढून डिकीत टाकण्याआधी रंगाच्या रेघा एकदा शेवटच्या पाहून घ्या.